गाडीच्या पुढच्या नंबर पाटीचा इतिहास : दोन स्क्रू, एक ब्रॅकेट आणि राज्यसंस्था

१. १ जुलै २०२० रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात गाडीला पुढची नंबर पाटी लावण्याची सक्ती संपुष्टात आली. त्यानंतर अनेक गाडीमालकांनी घराच्या आवारातच स्क्रूड्रायव्हर हाती घेतला, पाटी उतरवली आणि तिच्यामागचे प्लास्टिकचे ब्रॅकेटही काढून टाकले. काम जेमतेम अर्ध्या तासाचे. परंतु त्या दोन स्क्रूंमागे शतकाहून अधिक काळाचा एक वाद उभा आहे. गाडी कोणाची आहे हे जाणण्याचा अधिकार कोणाला, आणि ते समोरून कळावे की पाठीमागून, हा तो वाद.

२. नंबर पाटीची कथा पॅरिसमध्ये सुरू होते. १४ ऑगस्ट १८९३ च्या पोलीस आदेशान्वये तेथील प्रत्येक स्वयंचलित वाहनावर धातूची पाटी बंधनकारक झाली. तीवर मालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक सुवाच्य अक्षरांत असावा, ती वाहनाच्या डाव्या बाजूस असावी आणि कधीही झाकली जाऊ नये, अशी अट होती. पहिली पाटी पुढेही नव्हती आणि मागेही नव्हती, ती कुशीला होती. भाड्याच्या घोडागाड्यांना क्रमांक देण्याची रीत शहरात आधीपासून होतीच. तीच आता मोटारीला लागू झाली.

३. संपूर्ण देशासाठी क्रमांकपद्धती सुरू करण्याचा मान १८९८ मध्ये नेदरलँड्सने मिळवला. अमेरिकेत मात्र हा विषय राज्याराज्यांच्या अखत्यारीत राहिला. २५ एप्रिल १९०१ रोजी गव्हर्नर बेंजामिन ओडेल यांच्या स्वाक्षरीने न्यूयॉर्क राज्यात मोटारनोंदणीचा कायदा झाला. शुल्क एक डॉलर. मालकाने आपल्या नावाची आद्याक्षरे गाडीच्या मागील बाजूस, किमान तीन इंच उंचीची, लावावीत असा दंडक होता. म्हणजे तेथील आरंभही मागच्याच पाटीने झाला.

४. सरकार तेव्हा पाटी देत नसे, ती मालकाने स्वतः तयार करावयाची असे. कोणी चामड्याच्या तुकड्यावर पितळी अक्षरे ठोकली, कोणी लाकडी फळीवर रंगाने अक्षरे काढली, तर कोणी ती थेट गाडीच्या अंगावरच रंगवली. आद्याक्षरांतील अडचण लवकरच ध्यानात आली, कारण एकाच आद्याक्षरांचे अनेक गृहस्थ एका राज्यात असणे स्वाभाविक होते. लवकरच अक्षरांची जागा क्रमांकांनी घेतली. आज घरी ब्रॅकेट काढणारा मालक आणि तेव्हा घरी पाटी घडवणारा मालक, या दोघांच्या मधला काळ हा पाटी सरकारच्या ताब्यात गेल्याचा काळ आहे.

५. ते स्थित्यंतर १९०३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने घडवले. राज्याने स्वतः बनवलेल्या पाट्या देणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य. लोखंडी पत्र्यावर निळ्या मिन्याचा थर आणि त्यावर पांढरे आकडे, असे त्या पाटीचे रूप होते. क्रमांक १ ची पाटी फ्रेडरिक ट्यूडर यांच्या नावे दिली गेली. इतर राज्ये सावकाश या वाटेने आली. कॅलिफोर्नियात मालकांनी स्वतः पाटी बनवण्याची रीत १९१४ पर्यंत टिकली. पाटी सरकारी झाली आणि तिचा आकार, रंग, जागा या साऱ्या गोष्टी नियमांच्या कक्षेत आल्या.

६. ब्रिटनने वेगळी वाट धरली. १९०३ चा ‘मोटर कार अ‍ॅक्ट’ १ जानेवारी १९०४ पासून अमलात आला. त्याने वेगमर्यादा ताशी १४ मैलांवरून २० मैलांवर नेली, परंतु त्याच्या मोबदल्यात प्रत्येक गाडीवर पुढे आणि मागे क्रमांक असणे सक्तीचे केले. वेग हवा असेल तर ओळख द्या, असा हा सरळ सौदा होता. भाड्याच्या बग्गीसारखा आपल्या खासगी वाहनावर नंबर मिरवणे अनेक प्रतिष्ठितांना रुचणारे नव्हते. पण लंडनचा ‘ए १’ हा क्रमांक तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांचे थोरले बंधू अर्ल रसेल यांनी मिळवला, आणि जो नंबर कलंक वाटत होता तोच अल्पावधीत मानाचा ठरला.

७. पुढची पाटी आणि मागची पाटी यांचे वाचक निराळे आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. मागची पाटी वाचतो तो पाठलाग करणारा पोलीस किंवा धक्का देऊन पळणाऱ्या गाडीकडे पाहत राहिलेला साक्षीदार. पुढची पाटी वाचतो तो चौकात उभा असलेला हवालदार, समोरून येणारा चालक, रस्ता ओलांडू पाहणारा पादचारी. मागची पाटी घडून गेल्यानंतर उपयोगी पडते, तर पुढची घडण्याआधीही दिसते. म्हणूनच ती अधिक उपयुक्त आणि अधिक त्रासदायकही ठरली.

८. त्रास कधी कधी अक्षरशः रक्तबंबाळ करणारा असे. ब्रिटनमध्ये मोटारसायकलच्या पुढच्या मडगार्डवर, चाकाच्या रेषेत, धातूची उभी पाटी असे. तिच्या दोन्ही बाजूंना क्रमांक असल्याने ती बाजूने वाचता येई. परंतु धडकेत ती पात्यासारखी काम करी. ‘पादचाऱ्यांना कापणारी’ अशा अर्थाचे टोपणनाव तिला लोकांनीच दिले. १९७५ मध्ये तिची सक्ती रद्द झाली. ओळखीची किंमत जखमांनी मोजावी लागत असेल तर ओळखीने माघार घ्यावी, हे तेथे मान्य झाले.

९. अमेरिकेत दरम्यान वेगळाच गोंधळ होता. प्रत्येक राज्याच्या पाटीचा आकार निराळा, स्क्रूंच्या छिद्रांतील अंतर निराळे, आणि बहुतेक ठिकाणी दरवर्षी नवी पाटी. त्यामुळे पाटी व गाडी यांच्यामध्ये एक मध्यस्थ आवश्यक ठरला, तो म्हणजे ब्रॅकेट. लांबट खाचांमुळे त्यावर निरनिराळ्या मापांच्या पाट्या बसत. अखेर १९५६ मध्ये राज्यांचे अधिकारी आणि मोटारउत्पादक यांच्यात एकमत झाले आणि १२ इंच रुंद व ६ इंच उंच हे माप प्रमाण ठरले. आज तेथील कोणत्याही गाडीचे ब्रॅकेट कोणत्याही राज्याची पाटी पेलते, ते या समझोत्यामुळे.

१०. त्याआधी महायुद्धाने पाटीवर पहिला मोठा आघात केला होता. दुसऱ्या महायुद्धात पोलाद रणगाड्यांना व जहाजांना हवे होते, त्यामुळे पाट्यांसाठी पत्रा मिळेना. कॅलिफोर्नियाने १९४३ मध्ये नवी पाटी न देता जुन्याच पाटीवर लावण्यासाठी ‘व्ही’ अक्षराची छोटी पट्टी दिली. इलिनॉय राज्याने १९४३ ते १९४८ या काळात सोयाबीनपासून बनवलेल्या पुठ्ठ्याच्या पाट्या वापरल्या. जनावरे त्या चावून खात, अशा हकिगती पुढे अनेक वर्षे सांगितल्या गेल्या. आणखी सोपा उपाय अनेक राज्यांनी केला. दोनऐवजी एकच पाटी द्यावयाची आणि ती मागे लावावयाची. काटकसरीची वेळ आली तेव्हा पहिला बळी पुढच्या पाटीचा पडला.

११. युद्ध संपले, पत्रा मिळू लागला, पण काही राज्यांना एका पाटीची सवय जडली. पेनसिल्व्हेनियाने १९५२ मध्ये पुढची पाटी कायमची सोडली. लाखो गाड्यांना एकेक पाटी कमी द्यावी लागणे ही सरकारी तिजोरीसाठी लहान बचत नव्हे. फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, ॲरिझोना, मिशिगन ही राज्येही एका पाटीची. याउलट कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यूयॉर्क, इलिनॉय येथे दोन्ही पाट्या सक्तीच्या राहिल्या. एकाच देशात सीमा ओलांडली की गाडीचा चेहरा बदलावा लागतो, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली.

१२. ब्रॅकेट काढण्याचा प्रश्न आजच्या स्वरूपात उद्भवला तो मात्र कायद्यामुळे नव्हे, बंपरमुळे. जुन्या गाड्यांचा बंपर क्रोम चढवलेल्या पोलादाचा असे. पाटी त्याला बोल्टने जोडलेली असे, बोल्ट काढला की काम संपले. १९६८ च्या पाँटियाक जीटीओ गाडीने गाडीच्याच रंगाचा, लवचीक पदार्थाचा पुढचा बंपर आणला. पुढे १९७३ च्या गाड्यांपासून अमेरिकी केंद्र सरकारने ताशी ५ मैलांची धडक सोसणारा पुढचा बंपर सक्तीचा केला. काही वर्षे अवजड बंपर आले, नंतर त्यांची जागा रंगवलेल्या प्लास्टिकच्या आवरणाने घेतली. बंपर आता गाडीच्या देहाचाच भाग झाला आणि त्यात पाडलेले छिद्र ही कायमची खूण ठरली.

१३. म्हणूनच ब्रॅकेट कसे बसवले आहे यावर ते काढण्याचे सारे कौशल्य अवलंबून असते. आधी पाटीचे स्क्रू निघतात, त्यामागे ब्रॅकेटचे दोन ते चार स्क्रू दिसतात. गंजलेल्या स्क्रूवर गंजरोधक तेल सोडून थोडे थांबावे लागते, नाहीतर त्याची खाच झिजते. काही ब्रॅकेट रिव्हेटने ठोकलेली असतात. तेथे रिव्हेटचे डोके ड्रिलने हलक्या हाताने उडवावे लागते, कारण ड्रिल खोल गेले तर बंपरच जखमी होतो. दुहेरी चिकटपट्टीने बसवलेले ब्रॅकेट असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राच्या उष्णतेने चिकटा मऊ करून मजबूत दोऱ्याने कापत न्यावा लागतो.

१४. काढून झाल्यावर उरते ती छिद्रांची जोडी. काही मालक ती रंगाशी जुळणाऱ्या प्लास्टिकच्या बुचांनी बंद करतात, काही भरून व रंगवून घेतात. बंपरमागे संवेदक, तारा किंवा रडार असलेल्या आजच्या गाड्यांत तर आत काय आहे हे पाहिल्याविना ड्रिल चालवणे धोक्याचे. अनेक अमेरिकी ग्राहक नवी गाडी घेतानाच विक्रेत्याला बजावतात की पुढे छिद्र पाडू नये. उत्पादकही अनेकदा ब्रॅकेट गाडीत सुटे ठेवून पाठवतात, कारण गाडी कोणत्या राज्यात विकली जाईल हे कारखान्यात ठाऊक नसते. राज्यांमधला मतभेद असा डिकीत ठेवलेल्या एका प्लास्टिकच्या तुकड्याच्या रूपाने प्रवास करतो.

१५. कायदा आणि दंड या भिन्न गोष्टी आहेत, हे टेक्सासने नकळत सिद्ध केले. तेथे २०११ मध्ये मोटार कायद्याची फेररचना करताना पुढची पाटी नसल्याबद्दलच्या शिक्षेचे कलमच गळाले. पाटी लावणे बंधनकारक राहिले, पण न लावल्यास दंड कोणता याचे उत्तर कायद्यात उरले नाही. २०१३ मध्ये विधिमंडळाने ती चूक दुरुस्त केली. राज्यसंस्था एका कलमातून निसटली तर ब्रॅकेट किती सैल होते, हे त्या अवधीत दिसले.

१६. याच सुमारास पुढच्या पाटीला एक नवा वाचक मिळाला होता, कॅमेरा. पाटी आपोआप वाचणाऱ्या यंत्रणेचा शोध १९७६ मध्ये ब्रिटनच्या पोलिसी संशोधन शाखेत लागला, आणि १९८१ मध्ये तिच्या साहाय्याने चोरीची गाडी हुडकून पहिली अटक झाली. १९९३ मधील बिशप्सगेट बॉम्बस्फोटानंतर लंडनच्या मध्यभागाभोवती उभारलेल्या सुरक्षाकड्यात असे कॅमेरे आले. १७ फेब्रुवारी २००३ पासून लंडनने गर्दीच्या भागात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावले, ते पाटी वाचणाऱ्या कॅमेऱ्यांच्या आधारावरच. हवालदाराची नजर थकते, कॅमेऱ्याची थकत नाही. पाटी आता केवळ ओळख उरली नाही, ती हालचालींची नोंदवही झाली.

१७. ओहायोतील वाद या पार्श्वभूमीवर पाहावा. पुढची पाटी हटवण्याची तरतूद २०१९ च्या वाहतूक अंदाजपत्रकाच्या कायद्यात आली. एका बाजूस होते पाट्यांचा खर्च आणि गाडीचे रूप जपू पाहणारे मालक. दुसऱ्या बाजूस पोलीस यंत्रणा आणि शाळांच्या बस चालवणारे लोक होते. अमेरिकेत मुलांना उतरवण्यासाठी बस थांबली की समोरून येणाऱ्या गाडीनेही, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर, थांबलेच पाहिजे. कोणी न थांबता निघून गेला तर बसचालकाला आधी दिसते ती त्या गाडीची पुढची बाजू. पुढे पाटीच नसेल तर मुलाच्या अंगावर गाडी घालू पाहणारा अनामिक राहतो, हा त्यांचा युक्तिवाद होता. कायदा तरीही झाला. १ जानेवारी २०२५ पासून युटा राज्यानेही तीच वाट धरली.

१८. उर्वरित जगाचा कल याच्या उलट आहे. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारानुसार आंतरराष्ट्रीय वाहतुकीतील मोटारींवर क्रमांक पुढे आणि मागे असावा लागतो. मोटारसायकलला मागचा पुरतो. अमेरिका या करारात सामील नाही. म्हणून घरी बसून ब्रॅकेट कायदेशीरपणे काढता येणे ही गोष्ट युरोपातील बहुतेक मालकांच्या कल्पनेपलीकडची, तर मिशिगनमधील मालकाच्या दृष्टीने अगदी नित्याची.

१९. भारताने ब्रिटिश वळण स्वीकारले. १९१४ चा मोटारवाहन कायदा, मग १९३९ चा, मग १९८८ चा, आणि १९८९ चे केंद्रीय मोटारवाहन नियम, असा हा क्रम आहे. नियम ५० अन्वये क्रमांक पुढे आणि मागे दोन्हीकडे हवा, आणि तो इंग्रजी अक्षरांत व आंतरराष्ट्रीय अंकांत हवा. एमएच-०१ म्हणजे मुंबई, एमएच-१२ म्हणजे पुणे, ही आज लहान मुलालाही पाठ असलेली ओळख १९८९ नंतरच्या याच व्यवस्थेतून आली.

२०. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर मात्र नियमाला रसिकतेने वळसा घालण्याची परंपरा दीर्घ आहे. देवनागरी अंकांच्या पाट्या दिमाखाने फिरल्या. ८०५५ हा क्रमांक इंग्रजी अंकांत असा वळवला गेला की तो ‘बॉस’ वाचला जावा, आणि २१४ चे आकडे ‘राम’ होऊन अवतरले. पाटी ही सरकारची असली तरी चेहरा आमचा, असा हा मूक दावा होता. १९०१ च्या न्यूयॉर्कमधील चामड्याच्या पाटीशी त्याचे नाते स्पष्ट आहे.

२१. त्या दाव्यावर पडदा पाडला तो ‘उच्च सुरक्षा नोंदणी पाटी’ने. २००१ मध्ये नियमांत तिची तरतूद झाली, ३० नोव्हेंबर २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती योजना टिकली, आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना ती कारखान्यातूनच सक्तीची झाली. ॲल्युमिनियमची पाटी, अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक आणि ठरीव अक्षरवळण. तिचे ‘स्नॅप लॉक’ एकदा बसले की तोडल्याविना निघत नाही. जुन्या वाहनांसाठीही महाराष्ट्रात ही पाटी अनिवार्य झाली आणि २०२५ मध्ये तिच्या मुदती वारंवार वाढवाव्या लागल्या. ओहायोतील स्क्रूड्रायव्हर येथे निरुपयोगी आहे. येथे पाटी काढणे हा गृहोद्योग नसून नियमभंग आहे.

२२. नियम सर्वांना सारखा आहे काय, हा प्रश्नही पाटीनेच विचारला. भारतात राष्ट्रपती व राज्यपाल यांच्या गाड्यांवर दीर्घकाळ क्रमांकाऐवजी राजमुद्रा असे. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने घटनात्मक पदांवरील व्यक्तींच्या गाड्यांवरही नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे असे बजावले. ब्रिटनच्या राजाच्या शासकीय गाड्यांवर आजही पाटी नसते. ज्याच्या नावाने सर्वांना क्रमांक दिले जातात, तो स्वतः क्रमांकाबाहेर राहतो, ही जुनी राजेशाही कल्पना एका प्रजासत्ताकाने पाटीपुरती तरी नाकारली.

२३. या साऱ्या इतिहासात दोन भीती समोरासमोर उभ्या आहेत. एक भीती बसमधून उतरणाऱ्या मुलाची. समोरून येणारा चालक ओळखता आला नाही तर त्याला जाब कोण विचारणार? दुसरी भीती साध्या नागरिकाची. आपण कोठे गेलो, कधी गेलो याची नोंद प्रत्येक चौकातील कॅमेरा ठेवू लागला तर खासगी असे काय उरणार? यांतली कोणतीही भीती खोटी नाही. पॅरिसच्या आदेशाने १८९३ मध्ये पाटी झाकू नका म्हटले, तेव्हा या दोहोंपैकी पहिलीच भीती अस्तित्वात होती. दुसरी कॅमेऱ्याने निर्माण केली.

२४. म्हणून पुढची पाटी असावी की नसावी याचे उत्तर गाडीच्या सौंदर्यात किंवा छिद्राच्या मापात सापडत नाही. ती पाटी कोण वाचतो, वाचलेले किती काळ जपून ठेवतो आणि त्याला जाब विचारणारा कोणी आहे का, यांवर ते अवलंबून आहे. एका राज्यात ब्रॅकेट अर्ध्या तासात निघते, एका देशात ते तोडावेच लागते. पाटीची सक्ती करणाऱ्या सत्तेवर नागरिकांचा वचक किती आहे, हा प्रश्न मात्र दोन्ही ठिकाणी सारखाच खुला आहे.